हृदयातील चेतापेशींच्या पोटॅशियम मार्गिका आणि नानांची केळी

रावेर तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आणि घरी केळीची बाग असलेल्या एका शिक्षकांनी तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. हृदयाला स्वतःच्या चेतापेशी असतात आणि त्यांच्यातही पोटॅशियमच्या मार्गिका, म्हणजे पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमला वाट देणारी प्रथिनांची दारे, असतात, असे त्यांच्या वाचनात आले. त्या मार्गिका हृदयाच्या स्नायूतल्या मार्गिकांसारख्याच असतात का? रक्तातले पोटॅशियम वाढले किंवा घटले तर बिघाड स्नायूत होतो की चेतापेशींत? आणि त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, रक्तात पोटॅशियम लिटरमागे ५.८ मिलिमोल निघाल्यावर डॉक्टरांनी घरचीच केळी बंद केली, ती योग्य की अनाठायी?

सर, मी सुरुवातीची काही वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि नंतरची बहुतेक वर्षे जळगावात रुग्ण पाहण्यात घालवली. शिकवत असताना पोटॅशियम मार्गिका हा फळ्यावरचा विषय होता. रुग्ण पाहू लागल्यावर तो कपाशीवरच्या फवारणीचा, विंचवाचा, वैशाखातल्या जुलाब-उलट्यांचा आणि आपण म्हणता तसा केळीचाही विषय झाला. आपल्या पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की या मार्गिका एकाच कुळातल्या असल्या तरी त्या एका घरात नांदत नाहीत आणि एकच काम करत नाहीत. म्हणून ‘हृदयातील पोटॅशियम मार्गिका’ असे कोणी म्हटले की ‘कोणत्या पेशीतली?’ हे आधी विचारावे. पुढचे सगळे लिखाण बहुतांशी या एका प्रतिप्रश्नाचेच विवरण आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल, कारण तो शिकवणाऱ्यांमध्येही आढळतो. हृदयाचा ठोका जिथे सुरू होतो तो उजव्या अलिंदातील (वरच्या कप्प्यातील) सायनस नोड आणि तिथून निघालेला विद्युतसंदेश निलयांपर्यंत (खालच्या कप्प्यांपर्यंत) पोहोचवणारे तंतू यांना अनेक जण ‘हृदयाच्या नसा’ समजतात. त्या नसा नव्हेत. त्या रूपांतर झालेल्या स्नायुपेशीच आहेत. त्यांची आकुंचनाची ताकद कमी आणि विद्युतवहनाची क्षमता अधिक, एवढाच फरक. हृदयाशी संबंधित खऱ्या चेतापेशी दोन ठिकाणी राहतात. एक ठिकाण खुद्द हृदयावरच आहे: अलिंदांच्या मागच्या बाजूला, फुप्फुसशिरा जिथे येऊन मिळतात त्या परिसरात, चरबीच्या थराखाली या पेशींचे लहान लहान पुंजके, म्हणजे गुच्छिका, असतात, आणि मानवी हृदयात अशा पेशींची संख्या दहा हजारांच्या पुढे भरते. मेंदूकडून आलेली व्हेगस चेता थेट सायनस नोडला जाऊन भिडत नाही. ती या गुच्छिकांमध्ये थांबते, तिथल्या पेशींना निरोप देते आणि त्या पेशी पुढे नोडपर्यंत तो पोहोचवतात. दुसरे ठिकाण हृदयाबाहेर, मानेच्या तळाशी पाठीच्या कण्यालगत आहे. तिथल्या ताऱ्याच्या आकाराच्या गुच्छिकेतून आणि तिच्या आजूबाजूच्या गुच्छिकांमधून अनुकंपी चेतातंतू हृदयाकडे येतात. व्हेगसची वाट हृदयाला सावकाश करते, अनुकंपी वाट त्याला घाईला लावते.

आता मार्गिकेकडे येतो. पेशीच्या आत पोटॅशियम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल असते, बाहेर रक्तात फक्त ४ च्या आसपास. हा फरक राखण्याचे काम सोडियम-पोटॅशियम पंप करतो; तो ऊर्जा खर्च करून दर फेरीला ३ सोडियम आयन (विद्युतभारित अणू) बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आयन आत घेतो. मार्गिका मात्र पंप नव्हे, आणि या दोहोंची गल्लत फार होते. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची फड ही जुनी सिंचन पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा फरक चटकन समजेल. बंधाऱ्याने उंची दिलेले पाणी पाटातून उताराने आपोआपच वाहते. पाटकऱ्याला पाणी ओढावे लागत नाही, चारीचे तोंड केव्हा उघडायचे आणि केव्हा बुजायचे एवढेच त्याच्या हाती असते. मार्गिका ही त्या चारीच्या तोंडासारखी आहे. ती उघडली की पोटॅशियम आपल्या उताराने बाहेर पडते, त्याच्याबरोबर धन विद्युतभार बाहेर जातो आणि पेशीची आतली बाजू अधिक ऋण होते. पोटॅशियमच्या या ओढीचा समतोल गणिताने काढता येतो: आत १४० आणि बाहेर ४ असताना तो उणे ९५ मिलिव्होल्टच्या जवळ येतो, आणि बाहेरचे प्रमाण ७ झाले तर तो उणे ८० वर सरकतो. दहावीच्या हुशार विद्यार्थ्यांना लॉगॅरिदमची ओळख करून देण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचलेले नाही.

या मार्गिकेची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा आकाराने लहान आहे, तरीही पोटॅशियमच्या मार्गिकेतून सोडियम जवळजवळ जातच नाही. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कसे? पाण्यात विरघळलेल्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे कोंडाळे असते आणि आत शिरताना ते उतरवून ठेवावे लागते. मार्गिकेच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा नेमक्या अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला ते गमावलेल्या पाण्याची जागा भरून देतात. लहान सोडियमला मात्र ते लांब पडतात, म्हणून त्याला पाणी सोडणे परवडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जिवाणूतील पोटॅशियम मार्गिकेची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली तेव्हा हे डोळ्यांना दिसले, आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अरुंद भागाची ही रचना जिवाणूपासून माणसापर्यंत जवळपास तीच आहे. मार्गिका एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या या चाळणीमुळे नव्हे, तर दार कशाने उघडते आणि कशाने बंद होते यामुळे.

स्नायुपेशींतल्या मार्गिकांबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते, म्हणून इथे थोडक्यात आटोपतो. निलयाच्या स्नायुपेशीची प्रत्येक विद्युतलहर, म्हणजे क्रियाविभव, सुमारे २०० ते ३०० मिलिसेकंद टिकते. तेवढा वेळ स्नायू आकुंचन पावलेला राहतो म्हणून रक्त बाहेर ढकलले जाते. ही लहर संपवणे हे पोटॅशियम मार्गिकांचे काम. त्यांतली एक हर्ग या नावाने ओळखली जाते, दुसरी केसीएनक्यू-१ या जनुकापासून बनते, आणि तिसरी दोन ठोक्यांमधल्या काळात पेशीला शांत ठेवते. लहर वेळेवर संपली नाही तर ईसीजीवर, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखावर, क्यूटी अंतर (निलयांची लहर सुरू होऊन संपेपर्यंतचा काळ) लांबते आणि हृदयाची लय एकाएकी विस्कटण्याचा धोका निर्माण होतो. काही औषधे हर्ग मार्गिकेत जाऊन अडकतात. ॲलर्जीवरचे टरफेनाडीन आणि पोटाच्या तक्रारींवरचे सिसाप्राइड ही दोन औषधे याच कारणाने अनेक देशांतून मागे घ्यावी लागली. हृदयाशी काडीचा संबंध नसलेली औषधे हृदयावर उलटली, ती या एका दारामुळे.

चेतापेशीचे गणित वेगळे आहे. तिची विद्युतलहर अवघी एक-दोन ते काही मिलिसेकंदांची असते. तिला रक्त ढकलायचे नसते, निरोप द्यायचा असतो. त्यामुळे ‘लहर किती वेळ चालावी’ यापेक्षा ‘निरोप एकदा द्यावा की दहादा’ हा तिच्यापुढचा खरा प्रश्न असतो. हे ठरवणाऱ्या मार्गिकांचा कुटुंबकबिला मोठा आहे. एक मार्गिका उद्दीपन येताच झटकन उघडते आणि तितक्याच झटकन मिटते. तिच्यामुळे पहिला निरोप थोडा उशिरा जातो. एक मार्गिका पेशीत कॅल्शियम शिरले आणि व्होल्टेजही चढले म्हणजे उघडते. तिच्यातून जाणारा प्रवाह इतका मोठा असतो की तिच्या इंग्रजी नावातच ‘मोठी’ हा शब्द आहे, आणि ती लहर झपाट्याने खाली आणते. तिची धाकटी बहीण फक्त कॅल्शियमला ओळखते, व्होल्टेजला नाही. लहर संपल्यावरही ती काही काळ उघडी राहते आणि पेशीला लगेच दुसरा निरोप पाठवू देत नाही. मधमाशीच्या विषातील अपामिन हा घटक नेमका या धाकट्या बहिणीलाच बंद करतो.

मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एम-प्रवाहाची मार्गिका. डेव्हिड ब्राउन आणि पॉल ॲडम्स यांनी १९८० साली बेडकाच्या अनुकंपी चेतापेशींत तिचा प्रवाह प्रथम ओळखला. ती सावकाश उघडते, पेशी उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास असतानाच थोडीशी उघडी असते, आणि इतर मार्गिकांसारखी कंटाळून मिटत नाही. गाडी उभी असताना हँडब्रेक ओढलेला असावा, तशी ती पेशीला धरून ठेवते. हा ब्रेक सैल झाला की एकदाच निरोप देणारी पेशी त्याच उद्दीपनाला अनेक निरोप देऊ लागते. १९९८ साली असे स्पष्ट झाले की ही मार्गिका केसीएनक्यू-२ आणि केसीएनक्यू-३ या जनुकांपासून बनते. स्नायूतल्या केसीएनक्यू-१ ची ही सख्खी भावंडे. म्हणून मी म्हटले की कूळ एक, घरे वेगळी: एक नंबरचे भावंड हृदयाच्या स्नायूत आणि आतल्या कानात काम करते, दोन आणि तीन नंबरची चेतापेशींत.

या ब्रेकचा रक्तदाबाशी संबंध असावा असे दाखवणारे प्रयोग झाले आहेत. ज्या जातीच्या उंदरांचा रक्तदाब वयाबरोबर आपोआप वाढतो त्यांच्या ताराकृती गुच्छिकेतील पेशींमध्ये एम-प्रवाह कमी आढळला, आणि तोही रक्तदाब प्रत्यक्ष वाढण्याच्या आधी. उंदरावरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही; परंतु उच्च रक्तदाबाचा विचार करताना आपण रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंड यांच्यापुढे पाहत नाही, त्या सवयीला हा प्रयोग धक्का देतो एवढे खरे. ही मार्गिका उघडी ठेवणारे रेटिगाबिन नावाचे औषध अपस्मारासाठी बाजारात आले होते. त्वचा निळसर पडण्यासारखे दुष्परिणाम दिसल्यावर त्याचा वापर आटला आणि २०१७ साली ते बाजारातून गेले. हृदयाच्या चेतापेशींसाठी असे औषध आज नेहमीच्या उपचारांत नाही.

आता या विषयातला मला सर्वांत रोचक वाटणारा भाग. १९२१ साली ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित केली. ते हृदय मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. म्हणजे चेता काहीतरी रसायन सोडते; ते रसायन ॲसिटिलकोलीन होते. हे ॲसिटिलकोलीन सायनस नोडच्या आणि अलिंदाच्या पेशींवरील एका ग्राहीला (रसायनाचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि तिथली एक खास पोटॅशियम मार्गिका उघडते. पोटॅशियम बाहेर जाते, नोड शांत होतो, नाडी मंदावते. इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असते. परंतु तेच ॲसिटिलकोलीन चेतापेशीवर वेगळ्या प्रकारच्या ग्राहीला चिकटते तेव्हा ते पोटॅशियम मार्गिका उघडत नाही, बंद करते, आणि ती बंद होणारी मार्गिका म्हणजे वरची एम-प्रवाहाचीच. एम हे अक्षर त्या ग्राहीच्या ‘मस्कारिनिक’ या नावावरूनच आले आहे. रसायन तेच, आयन तोच. एका पेशीत दार उघडले आणि पेशी निजली, दुसऱ्या पेशीत दार लागले आणि पेशी जागी झाली. चेतापेशी जागी झाल्याने ती नोडवर आणखी ॲसिटिलकोलीन सोडते, म्हणजे दोन्ही उलट क्रियांचा शेवट नाडी मंदावण्यातच होतो. ‘कोणत्या पेशीतली?’ हे विचारल्याशिवाय यातले काहीच लावता येत नाही.

फवारणीच्या दिवसांत हे प्रत्यक्ष समोर येते. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारची कीटकनाशके ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात, त्यामुळे ते साचत जाते. तोंडाला रुमाल न बांधता वाऱ्याच्या उलट दिशेने फवारणी केलेला मजूर येतो तेव्हा त्याला लाळ आणि घाम सुटलेला असतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात आणि पुष्कळदा नाडी मंद असते. मात्र काहींची नाडी सुरुवातीला जलद असते आणि त्यामुळे नवशिके डॉक्टर गोंधळतात. त्याचे कारण असे की साचलेले ॲसिटिलकोलीन अनुकंपी गुच्छिकांतल्या पेशींनाही चेतवत असते. नोडवर ब्रेक आणि गुच्छिकेत ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबला गेलेला असतो. यावरचे औषध ॲट्रोपिन देण्याने नोडवरची ग्राही झाकली जाते, पोटॅशियमची ती दारे मिटतात आणि नाडी वर येते. जलद नाडी पाहून ॲट्रोपिन रोखून धरणे ही चूक मी माझ्या उमेदीच्या काळात एकदा केली होती. सोबतच्या वरिष्ठांनी छातीतली घरघर ऐकवून ती लगेच सुधारून घेतली.

विंचवाची गोष्टही याच चेतापेशींची आहे. महाराष्ट्रात आढळणाऱ्या लाल विंचवाच्या विषातले काही घटक चेतातंतूंवरील सोडियमच्या मार्गिका मिटू देत नाहीत. त्यामुळे स्वायत्त चेतासंस्थेचे टोकाचे तंतू सैरभैर होऊन आधी घाम, लाळ, उलटी आणि नंतर रक्तदाबाची झेप, गार पडलेले हातपाय आणि फुप्फुसात पाणी, असा क्रम दिसतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या अवस्थेत प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा वापर रुजवला आणि खेड्यापाड्यांतले असंख्य जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या विषाची दुसरी बाजू कमी लोकांना ठाऊक असते. १९९० साली याच लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे करण्यात आले, आणि ते वर सांगितलेल्या ‘मोठ्या’ पोटॅशियम मार्गिकेला बूच बसावे तसे बंद करते. इतर मार्गिकांना ते फारसे शिवत नाही. म्हणून आज जगभरच्या प्रयोगशाळांत एखाद्या पेशीत ही मार्गिका काय करते हे शोधायचे असेल तर आपल्या बांधावरच्या दगडाखाली राहणाऱ्या या विंचवाच्या विषातला एक घटक वापरला जातो. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगावे, दगड उलथून पाहायला मात्र सांगू नये.

स्नायू आणि चेतापेशी यांची कामे वेगळी असली तरी ती एकमेकांत गुंतलेली असतात, याचे एक गंभीर उदाहरण देतो. अनुकंपी तंतू हृदयाला घाईला लावतात तेव्हा ठोके जवळ येतात, आणि त्या वेळी स्नायूतली केसीएनक्यू-१ ची मार्गिका अधिक जोराने उघडून प्रत्येक लहर आखूड करते. ज्यांच्यात ही मार्गिका जन्मतः सदोष असते त्यांच्यात चेतेचा निरोप येतो, पण लहर आखूड होत नाही. म्हणून धावताना आणि विशेषतः पोहताना त्यांना मूर्च्छा येते. विहिरीत पट्टीचा पोहणारा मुलगा अचानक बुडाला म्हणजे आपल्याकडे ‘आसरांनी ओढला’ असे म्हणतात. अशा प्रत्येक मुलाला हाच विकार होता असे मी म्हणणार नाही. पण पोहताना मूर्च्छा येऊन वाचलेल्या मुलाचा आणि त्याच्या भावंडांचा ईसीजी काढलाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. हीच मार्गिका आतल्या कानातही लागते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलेली मुले जन्मतः बहिरी असतात आणि त्यांना अशी मूर्च्छाही येते. जर्व्हेल आणि लांगे-नील्सन यांनी १९५७ साली नॉर्वेतल्या एका कुटुंबात हे वर्णन केले. बहिऱ्या मुलाची मूर्च्छा फिट समजून वर्षानुवर्षे फिटच्याच गोळ्या चालू असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो. उपचारात बीटा ब्लॉकर देतात, म्हणजे चेतेचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. आणि त्यानेही भागले नाही तर डाव्या बाजूची ताराकृती गुच्छिका अंशतः काढतात. दोष स्नायूच्या मार्गिकेत आणि शस्त्रक्रिया चेतापेशींवर, असा हा प्रकार आहे.

आपला दुसरा प्रश्न, रक्तातल्या पोटॅशियमचा. रक्त दोन्ही पेशींना भिजवते, त्यामुळे परिणाम दोन्हींवर होतो; परंतु ईसीजीच्या कागदावर जे दिसते ते स्नायूचे असते. चेतापेशींचे पुंजके इतके लहान आहेत की त्यांची वीज छातीवरच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचत नाही. पोटॅशियम वाढले की पेशीची ऋणता घटते. थोड्या वाढीने पेशी लहर सुरू होण्याच्या उंबरठ्याजवळ येऊन चिडखोर होते, आणि अधिक वाढीने सोडियमच्या मार्गिका मिटून राहतात व पेशी सुन्न होते. कागदावर आधी टी लहर (निलये शांत होतानाची) उंच आणि टोकदार होते, मग पी लहर (अलिंदांची) सपाट होत नाहीशी होते, पुढे क्यूआरएस (निलये चेततानाचा भाग) रुंदावत जातो. पी नाहीशी झाली म्हणजे सायनस नोड थांबलाच असे नव्हे. नोड पोटॅशियमला बराच काळ दाद देत नाही, त्याच्याभोवतीचा अलिंदाचा स्नायू मात्र आधी गप्प होतो. इथेही पुन्हा ‘कोणती पेशी’ हाच मुद्दा येतो. पोटॅशियम घटले तर मात्र एक विपरीत गोष्ट घडते. बाहेर पोटॅशियम कमी म्हणजे उतार अधिक, तेव्हा ते अधिक जोरात बाहेर जायला हवे. पण हर्ग मार्गिकेला बाहेरचे पोटॅशियम पुरेसे असल्याशिवाय नीट काम करता येत नाही, त्यामुळे प्रवाह उलट घटतो आणि क्यूटी लांबतो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात असताना जुलाब झालेल्या माणसाला नुसते साखरपाणी देऊन भागत नाही ते यासाठी. ओआरएसच्या एका लिटरमध्ये दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, आणि ते तिथे विनाकारण घातलेले नाही. केळीला आपण जे पोटॅश देता त्यातला मुख्य क्षार हाच आहे, हे ऐकून माझे बरेच शेतकरी रुग्ण चकित होतात. अर्थात खताचे पोते आणि औषधाची पुडी यांची शुद्धता सारखी नसते.

मग हृदयाच्या चेतापेशी तपासायच्या कशा? त्यासाठी नाडी आणि श्वास पुरतात. निजलेल्या माणसाला मिनिटाला ६ या गतीने खोल श्वास घ्यायला लावून ईसीजी चालू ठेवला, तर श्वास घेताना नाडी वाढते आणि सोडताना घटते. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो, हृदयावरच्या गुच्छिका ॲसिटिलकोलीन सोडतात आणि नोडमधली पोटॅशियमची दारे एका सेकंदाच्या आत उघडतात. श्वास घेताना ती मिटतात. धडधाकट माणसात दोन्ही टोकांतला फरक मिनिटाला १५ ठोके किंवा त्याहून अधिक असतो. १० किंवा त्याहून कमी असेल तर चेतातंतूंना इजा झाल्याची शंका घ्यावी. जुन्या मधुमेहात हा फरक मिटत जातो आणि विश्रांतीतही नाडी ९०-१०० च्या घरात राहते. हृदयरोपण झालेल्यांची नाडीही अशीच जलद असते. दात्याच्या हृदयावरच्या गुच्छिका त्याच्याबरोबर येतात, पण त्यांना निरोप देणारी व्हेगस कापलेली असते. पेशी आहेत, मार्गिका आहेत, फक्त निरोप देणारा कोणी नाही.

नानांविषयी. ५.८ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण सर्वसाधारण मर्यादा ३.५ ते ५ अशी धरतात. डॉक्टरांनी केळी थांबवली हे तूर्त योग्यच केले. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि बाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून जेमतेम ६० ते ७० मिलिमोल. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल पोटॅशियम असते. तीन केळी खाल्ली की बाहेर असलेल्या साठ्याच्या जवळपास निम्मी भर पडली. निरोगी माणसात इन्सुलिन हे पोटॅशियम लगेच पेशींमध्ये ढकलते आणि मूत्रपिंडे ते दिवसभरात बाहेर टाकतात, म्हणून आपल्या मळ्यातले मजूर डझनभर केळी खाऊनही ठणठणीत असतात. मूत्रपिंडे थकलेली असतील तर ही वाट अरुंद होते. म्हणजे केळे दोषी नाही, निचरा तुंबला आहे. आणि तो का तुंबला हे रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) तपासून पाहावे लागेल. हातापायांत अशक्तपणा वाटला, नाडी मंद लागली किंवा चक्कर आली तर मात्र उद्यावर न ढकलता त्याच दिवशी ईसीजीची सोय असेल तिथे न्यावे.

त्याआधी तो आकडा खरा आहे ना, हे पाहावे. तालुक्याच्या गावी घेतलेला नमुना पुष्कळदा तसाच ठेवला जातो, दुपारच्या गाडीने जळगावला जातो आणि संध्याकाळी तपासला जातो. मधल्या काळात लाल पेशी फुटल्या की त्यांच्या आतले पोटॅशियम बाहेर येते आणि अहवालात नानांचे नसलेले पोटॅशियम छापले जाते. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून मूठ उघडझाप करायला लावल्यानेही आकडा फुगतो. तेव्हा नमुना प्रयोगशाळेतच जाऊन, पट्टा फार वेळ न ठेवता, पुन्हा द्यावा. नाना रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही घेत असतील तर त्या गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवाव्यात, कारण त्या तिन्ही पोटॅशियम वाढवतात. आणि रक्तदाबासाठी म्हणून घरात ‘कमी सोडियमचे’ मीठ आणले असेल तर केळीच्याही आधी ते बंद करावे: त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, त्या क्षाराच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग पोटॅशियमच असतो, आणि केळे नाना कधीमधी खातील, मीठ मात्र दोन्ही वेळच्या भाजीत पडते.